भाषा येत नाही म्हणून

भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानवाहतूक, पाच वर्षांहून अधिक काळ बंद राहिल्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि चीन पाहण्याची इच्छा मनात बाळगून असलेल्या आपल्याकडील अनेकांना तो प्रवास पुन्हा आवाक्यात आल्यासारखा वाटू लागला. परंतु चार माणसांत हा विषय निघाला की खर्चाच्या आणि व्हिसाच्याही आधी जो आक्षेप हटकून पुढे येतो, तो भाषेचा. तिथली बोली समजत नाही, लिपी वाचता येत नाही, इंग्रजीचा उपयोग नाही, तेव्हा एखाद्या यात्रा कंपनीच्या तुकडीत नाव नोंदवावे हेच शहाणपणाचे, असा निर्वाळा मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. माझे मत याच्या उलट आहे. प्रकृतीने धडधाकट असलेल्या आणि निघण्यापूर्वी थोडा अभ्यास करण्यास राजी असलेल्या मराठी माणसाने चीनमध्ये स्वतंत्रपणेच हिंडावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

अडचण खरी आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. बीजिंग किंवा शांघायमधील मोठ्या हॉटेलांच्या बाहेर पडताच इंग्रजीचा आधार झपाट्याने सुटत जातो; आणि चिनी भाषेत सुराच्या चढउतारावर अर्थ ठरत असल्यामुळे, पुस्तकावरून पाठ केलेले वाक्य आपण कितीही काळजीपूर्वक उच्चारले तरी ऐकणाऱ्याला त्याचा बोध होईलच असे नाही. मात्र या अडचणीचे स्वरूप नीट न्याहाळले तर तिच्यातूनच वाट निघते. चीन हा स्वतःच नाना बोलींचा मुलूख आहे. ग्वांगझोउच्या घरांतून बोलली जाणारी कँटनी बीजिंगच्या माणसाला कानांनी उमगत नाही, पण लिहिलेला मजकूर दोघेही वाचू शकतात. पूर्वी जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी विद्वान चिनी विद्वानांच्या भेटीस बसत, तेव्हा परस्परांची बोली येत नसतानाही कागदावर कुंचल्याने लिहून ते गहन विषयांवर संभाषण करीत. आजही, आपले बोलणे समोरच्याला कळले नाही असे दिसताच, तिथली वयस्क माणसे पुष्कळदा खिशातील पेन काढतात किंवा तळहातावर बोटाने अक्षर गिरवून दाखवितात.

तेव्हा चीनमध्ये प्रवाशाने आपली भिस्त जिभेपेक्षा कागदावर ठेवावी. मुक्कामाचा पत्ता, गाठावयाचे स्थानक, मांस-मासे-अंडी वर्ज्य असल्यास तसे सांगणारे वाक्य, आपली व्याधी आणि नित्य घ्यावयाची औषधे, हे सारे जाणकाराकडून चिनी लिपीत ठळकपणे लिहून घेतलेली एक छोटी वही जवळ असली, तर निम्मी चिंता घरीच मिटते. भाषांतर करणारे मोबाईल फोन आता सर्वांच्या हाती आहेत आणि त्यांची मदत अवश्य घ्यावी. पण औषधोपचारासारख्या नाजूक बाबतीत केवळ यंत्राच्या भाषांतरावर इतबार ठेवणे योग्य नव्हे.

परभाषी प्रवाशाला चीनमध्ये सर्वांत मोठा आधार मिळतो तो रेल्वेचा. बीजिंग ते शांघाय हे १,३१८ किलोमीटरचे अंतर, २०११ साली सुरू झालेल्या मार्गावरून, वेगवान गाड्या साडेचार तासांच्या आसपास कापतात. तथापि मला त्या वेगाहून तेथील व्यवस्थेची शिस्त अधिक मोलाची वाटते. गाडीचा क्रमांक रोमन अक्षर आणि अंक यांनी दर्शविलेला, डबा व आसन आधीच ठरलेले, स्थानकाचे नाव चिनी अक्षरांबरोबर रोमन लिपीतही लिहिलेले, आणि तिकीट प्रवाशाच्या पासपोर्टाशी जोडलेले. त्यामुळे तोंडातून एक शब्दही न काढता माणूस आपल्या जागेपर्यंत पोहोचू शकतो. फसगत होण्याचा संभव आहे तो स्थानकाच्या नावात. मोठ्या शहरांत अनेक स्थानके असतात आणि त्यांच्या नावांत पुष्कळदा केवळ दिशेचा फरक असतो. बीजिंग दक्षिण स्थानकावरून सुटणाऱ्या गाडीसाठी जो बीजिंग पश्चिमला जाऊन उभा राहील, त्याची गाडी चुकलीच म्हणून समजावे. म्हणून पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर यांची चार अक्षरे, आणि त्यांच्या जोडीला प्रवेश, निर्गम, स्त्री, पुरुष, शाकाहार, रुग्णालय अशा नित्य गरजेच्या खुणा घरूनच डोळ्यांच्या परिचयाच्या करून घ्याव्यात.

कायद्याचाही परिचय हवा. परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद २४ तासांच्या आत पोलीस दप्तरी व्हावी लागते. हॉटेलात ती हॉटेलवाले करतात, पण एखाद्या स्नेह्याच्या घरी उतरल्यास ती जबाबदारी आपल्यावर आणि यजमानावर येते. तिबेटमध्ये खास परवान्यावाचून आणि मार्गदर्शकावाचून परदेशी माणसाला फिरता येत नाही, तेव्हा स्वतंत्र प्रवासाचा मनसुबा त्या प्रदेशापुरता बाजूला ठेवावा. देवघेव बहुतांशी मोबाईलवरून होते. अलीपे आणि वीचॅट यांना परदेशी कार्डे जोडण्याची सोय २०२३ पासून बरीच सुलभ झाली आहे, ती निघण्यापूर्वी करून घ्यावी आणि थोडी रोकडही जवळ बाळगावी. गुगलच्या सेवा तिथे चालत नसल्याने नकाशाचीही निराळी तजवीज आधीच करावी.

एवढी सिद्धता असली की उरलेले काम माणसे करतात. शीआनमधील एका फळवालीकडे मी डाळिंबांचा भाव खुणेने विचारला, तेव्हा तिने अंगठा आणि तर्जनी ताणून दाखविली. आपल्याकडे ही खूण पाहणारा दोन समजेल. चीनमध्ये ती आठाची खूण आहे, कारण एक ते दहा हे सर्व आकडे तिथे एकाच हातावर दाखविण्याचा प्रघात आहे. माझा संभ्रम ओळखून तिने गणकयंत्रावर आठाचा आकडा उमटविला, तराजूवर अर्धा किलोचे माप दाखवून भाव तेवढ्याचा आहे हे समजाविले, आणि एक फळ फोडून त्याचे दाणे आधी माझ्या हातावर ठेवले. कोणी दुभाषा मध्ये उभा असता तर व्यवहार लवकर आटोपला असता, पण त्या बाईची आणि माझी गाठ पडली नसती.

वृद्धांनी, रुग्णांनी, लहान मुले बरोबर असलेल्यांनी तुकडीतून जावे, त्यात काही गैर नाही. परंतु ज्यांच्या अंगी बळ आहे त्यांनी आपल्या पूर्वसूरींचे स्मरण करावे. सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएनत्संग गोबीचे वाळवंट आणि मध्य आशियातील पर्वत ओलांडून भारतात आला, इथे त्याने संस्कृताचे सखोल अध्ययन केले, चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांचे वर्णन लिहून ठेवले आणि इ. स. ६४५ मध्ये शेकडो ग्रंथ घेऊन तो मायदेशी परतला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. तिथे राहून ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्याच भूमीवर, रुग्णसेवा करीत असतानाच, त्यांनी देह ठेवला. भाषा येत नाही म्हणून हे दोघे घरी बसले नाहीत.

२०२० नंतर उभय देशांत जे वितुष्ट आले त्याचे निराकरण राजकारणी पुरुषांच्या हाती आहे. पण शेजारच्या एवढ्या प्रचंड राष्ट्राविषयीचे आपले ज्ञान केवळ वर्तमानपत्रांतील मथळ्यांवर पोसले जावे, हे आपल्यासारख्या जिज्ञासू समाजाला शोभणारे नाही. ज्यांना सवड आणि सामर्थ्य आहे अशा वाचकांना, विशेषतः तरुण वाचकांना, माझी विनंती आहे की त्यांनी निघण्यापूर्वी दोन महिने रोज थोडा वेळ देऊन शंभरेक चिनी अक्षरे ओळखायला शिकावीत, वही तयार करावी आणि मग आपल्या पायांनी, आपल्या जबाबदारीवर तो देश पाहून यावे.