घाव केवळ फुफ्फुसांवर नव्हे

मार्च २०२० मध्ये पुण्यात राज्यातील पहिले करोना रुग्ण आढळले, तेव्हा हा प्रामुख्याने श्वसनाचा आजार मानला गेला. मात्र, या विषाणूला पेशीत शिरकाव करू देणारे ‘एसीई-२’ हे प्रथिन हृदय, मूत्रपिंड आणि आतड्यांतही असते. त्यातच प्रतिकारशक्तीचा अतिरेक आणि रक्ताच्या गुठळ्या यांमुळे पक्षाघाताचाही धोका वाढतो. फ्लूही याला अपवाद नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे ६ पट आढळले. ताप उतरला, ऑक्सिजनची पातळी सुधारली म्हणजे रुग्ण पूर्ण बरा झाला, ही समजूत म्हणूनच घातक ठरते. विशेषतः मधुमेही व हृदयरुग्णांची तपासणी त्यानंतरही सुरू राहणे आवश्यक आहे.