नुकसान भरून येणारे आणि न येणारे

गोव्यातील लोहखनिजाची चर्चा पुन्हा उत्पन्नाच्या भाषेत होऊ लागली आहे. २०२२ मध्ये खाण ब्लॉकांचे लिलाव सुरू झाले, पुढे डिचोलीत उत्खननही सुरू झाले आणि रोजगार, महसूल, ट्रकमालकांची कर्जे हे विषय अग्रभागी आले. हे परिणाम खरे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा त्याची झळ खाणभागातील सामान्य कुटुंबांना बसली. पर्यावरणाची बाजू घेणाऱ्यांनी ती किरकोळ मानली, तर त्यांचाच नैतिक पाया ठिसूळ ठरेल.

मात्र परिणामांवरून नीती ठरवायची, तर सर्व परिणाम मोजायला हवेत. ट्रक थांबल्याचे एका दिवसात दिसते. खाणीतील टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहणारा गाळ भातशेतीत साचायला अनेक पावसाळे लागतात. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला, की पाणी उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरी हळूहळू खालावतात. शिवाय लाभ एकाला आणि हानी दुसऱ्याला होते. दोहोंची बेरीज केली, की हा अन्याय आकड्यांत लपून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये या हिशेबात भावी पिढीला स्थान दिले. उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. खनिज ही वारशाने आलेली ठेव आहे, हा विचार त्यामागे आहे.

तथापि या विचारालाही सीमा आहे. खनिजाच्या बदल्यात पैसा ठेवता येतो. आटलेल्या झऱ्याच्या बदल्यात ठेवता येत नाही. म्हणून भरून येणारे आणि न येणारे नुकसान एकाच तराजूत घालणे चुकीचे आहे. पहिल्याची भरपाई ठरवावी, दुसरे मुळातच टाळावे. जनसुनावणीत नोकऱ्यांच्या संख्येआधी गावाच्या पाण्याचे काय होणार, याचे उत्तर मागितले पाहिजे आणि ते समाधानकारक नसेल तर तिथे खाणीला परवानगी देऊ नये.