विश्लेषण : पिकअपमागे कॅराव्हॅन जोडून बोरघाट उतरणे सुरक्षित आहे का?

पिकअपचे इंजिन ट्रेलर सहज ओढेल. तो उतारावर थांबेल का आणि सरळ राहील का, हे मात्र गाडी घेताना फारसे कोणी विचारत नाही. नवी मुंबईकरांनी ते आधी विचारायला हवे.

हा प्रश्न आत्ता का?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या व्हॅनबरोबरच गाडीमागे जोडायची कॅराव्हॅन, तंबू ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर असे प्रकारही त्या धोरणात आले. दुसरीकडे, इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स यांसारख्या पिकअप आता घरगुती वापरासाठीही घेतल्या जातात. शनिवारी पहाटे खारघरहून निघायचे, मागे बिछाना आणि ओटा असलेले छोटे घर जोडायचे आणि पवनेच्या काठावर मुक्काम करायचा, हा बेत कोणालाही आवडेल. पण नवी मुंबईहून घाटमाथ्यावर जायचे तर बोरघाट चढावा लागतो आणि परतताना उतरावाही लागतो.

इंजिनात ताकद असेल, तर अडचण कुठे आहे?

ट्रेलर ओढण्याची क्षमता इंजिनाच्या अश्वशक्तीवर ठरत नाही. सांगाडा, ब्रेक, मागचे स्प्रिंग, टायर, गिअरबॉक्स आणि हिच म्हणजे ट्रेलर अडकवण्याची जोडणी यांतला सर्वात कच्चा दुवा ती ठरवतो. हायलक्सचेच उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये या गाडीची क्षमता ३,५०० किलो सांगितली जाते, पण ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तरच. ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी तीच मर्यादा ७५० किलोवर येते. गाडी तीच, इंजिनही तेच, तरी ब्रेक नसताना क्षमता जवळपास पाचपटीने घटते. शिवाय परदेशातला आकडा इथल्या गाडीला लावणे चुकीचे आहे. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत कंपनीने दिलेला आकडाच ग्राह्य. तो दिलेला नसेल, तर कंपनीकडून लेखी घ्यावा. हिच बसवून देणाऱ्या गॅरेजचे ‘होऊन जाईल’ हे आश्वासन पुरेसे नाही.

घाट उतरताना नेमके काय होते?

माणसे व सामानासह अडीच टनांची पिकअप आणि दीड टनाची कॅराव्हॅन, असे चार टनांचे ओझे धरू. ताशी ८० किलोमीटर वेगात ही जोडी थांबवायला एकट्या पिकअपपेक्षा ६० टक्के जास्त ऊर्जा ब्रेकना शोषावी लागते. उतारावर गणित आणखी बिघडते. लोणावळा ते खोपोली हा उतार सुमारे ५०० मीटरचा. चार टन वजन तेवढे खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी ८० च्या वेगातून जवळपास वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. हवा, टायर आणि खालच्या गिअरमधले इंजिन त्यातला काही भाग खातात. उरलेली सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. चालकाने पाय सतत ब्रेकवर ठेवला तर लायनर तापतात, पकड कमी होते आणि नेमक्या वळणावर पेडल दाबूनही गाडी आवरत नाही.

ही भीती पुस्तकी नाही. जुलै २०२५ मध्ये द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ एका कंटेनर ट्रेलरचे ब्रेक निकामी झाले. त्याने वीसच्या आसपास वाहनांना धडक दिली आणि एका महिलेचा जीव गेला. तो अवजड ट्रेलर होता, कॅराव्हॅन नव्हे. पण तापलेल्या ब्रेकचे शास्त्र दोन्हींना सारखेच लागू होते.

मग बंदरावरचे ट्रेलर रोज कसे धावतात?

जेएनपीएच्या वाटेवर, उरणपासून कळंबोलीपर्यंत, कंटेनरचे ट्रेलर दिवसरात्र दिसतात. त्यांची रचना वेगळी असते. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे एअर ब्रेक असतात, आणि हवेची नळी तुटली तर ते आपोआप लागतात. ट्रेलरचा पुढचा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर, म्हणजे आसाच्या वरच टेकलेला असतो. कॅराव्हॅनची हिच मात्र पिकअपच्या मागच्या आसाच्याही मागे, बंपरखाली असते. त्यामुळे ट्रेलर बाजूला सरकला की त्याचा धक्का तरफेसारखा काम करतो आणि पिकअपचे शेपूट ढकलतो.

ट्रेलर हेलकावे का घेतो?

वजन चुकीच्या जागी ठेवल्यामुळे. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, जनरेटर असे जड सामान मागच्या टोकाला गेले की हिचवरचा दाब कमी होतो आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. शेजारून बस वेगाने गेली किंवा अटल सेतूवर आडवा वारा लागला, तरी एवढे निमित्त पुरते. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा, असा संकेत आहे. दीड टनाच्या कॅराव्हॅनसाठी हा भार १५० ते २२५ किलो होतो. तो पिकअपच्या भारक्षमतेतून वजा करावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हिचवर २०० किलो, गाडीत पाच माणसे आणि हौद्यात सामान, एवढ्यातच मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’ आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते आणि त्यालाही वजनाची मर्यादा असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. म्हणजे ओव्हरलोडची चिंता कायद्याने केली आहे. पण हलक्या मोटारीचा परवाना मिळवताना चालक ट्रेलर न जोडताच परीक्षा देतो. युरोपात जड ट्रेलरसाठी परवान्याचा ‘बीई’ हा वेगळा वर्ग आहे. आपल्याकडे कालपर्यंत पाम बीच रोडवर हॅचबॅक चालवणारा माणूस त्याच परवान्यावर उद्या बारा मीटर लांबीची जोडी घेऊन घाटात उतरू शकतो. पर्यटनाचे धोरण पुढे गेले, चालकाची तयारी मागे राहिली.

मग उत्तर हो की नाही?

उत्तर अटींसह ‘हो’ असे आहे, आणि त्या अटींत सूट नाही. ट्रेलर ७५० किलोपेक्षा जड असेल, तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच. सामान भरल्यावर जोडी वजनकाट्यावर न्यावी. कळंबोलीच्या लोखंड बाजार परिसरात काटे आहेत, त्यामुळे निमित्त सांगायला जागा नाही. हिचला सुरक्षा साखळ्या असाव्यात. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि ब्रेक थांबून थांबून, ठामपणे लावावा. ट्रेलर झुलू लागला तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा. जोरात ब्रेक मारला किंवा वेग वाढवला, तर झोल वाढतो.

सरकारकडून अपेक्षा दोन. कॅराव्हॅन ट्रेलरची नोंदणी करताना आरटीओने ट्रेलरचे भरलेले वजन आणि ओढणाऱ्या गाडीची कंपनीने दिलेली क्षमता समोरासमोर ठेवून तपासावी. आणि ट्रेलर ओढणाऱ्या चालकासाठी निदान एक दिवसाचे प्रशिक्षण सक्तीचे करावे. रस्त्यांवर अशा जोड्या अजून मोजक्या आहेत, तोवर हे करणे सोपे आहे. तोपर्यंत ज्या कुटुंबाला वजनाचे गणित नको वाटते, त्याने इंजिनवाली कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी. घाटातल्या उतारावर पुढच्या गाडीत दुसरे कोणाचे तरी कुटुंब असते. ब्रेक तापले तर किंमत त्यांनाही मोजावी लागेल.