पडद्यावरची भीती संपते कुठे?

महामार्गावरच्या विसरवाडीत मुलांचा सिनेमा आता खिशात मावतो. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की घरी आजी, नातवंडं आणि एक मोबाइल उरतो. व्हिडिओ एकामागून एक आपोआप सुरू होतात. साहसकथेपासून निघालेलं मूल तासाभरात सुरा घेतलेल्या मुखवटेवाल्यापर्यंत पोहोचू शकतं. मग ते रात्री दचकून उठतं, अंथरूण ओलं करतं, अंधार पडल्यावर एकटं बाहेर जात नाही. कुणी त्याला भगताकडे नेतं, कुणी दवाखान्यात. झोपण्यापूर्वी त्याने काय पाहिलं, हे विचारायचं मात्र बहुतेक वेळा राहून जातं.

भीती दोन्ही सिनेमांत असतेच, मग फरक काय? फरक ती संपते की नाही, यात आहे. परेश मोकाशी यांच्या 'एलिझाबेथ एकादशी'त (२०१४) वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाण्याची वेळ येते आणि मुलं पंढरपूरच्या यात्रेत बांगड्या विकायला बसतात. धोका खरा आहे, पण मुलांच्या हाती करण्यासारखं काहीतरी आहे. छातीतली धडधड शेवटी आनंदात उतरते.

'हॅलोविन'मध्ये (१९७८) गोळ्या खाऊन खाली पडलेला खुनी शेवटी जागेवर नसतोच. पुढचा भाग १९८१ मध्ये आला, त्यानंतरही येत राहिले. तिकिटं विकायची तर खुन्याला मरून चालत नाही. मोठ्यांना हा धंदा कळतो. सहा वर्षांच्या मुलाच्या लेखी तो माणूस अजून बाहेर कुठेतरी फिरतोय.

लहान मूल आधी दिसण्याला घाबरतं, अर्थाला नंतर. अमेरिकेत जोआन कँटर आणि ग्लेन स्पार्क्स यांनी १९८०च्या दशकात 'हल्क' मालिकेबाबत हेच दाखवलं. हिरवा राक्षस झालेला नायक लोकांना वाचवायला आलाय, हे छोट्यांना उमगत नव्हतं. त्याचं रूप बदलणंच त्यांना भेदरवत होतं. आपला तात्या विंचूही यातून सुटत नाही. 'झपाटलेला' (१९९३) मोठ्यांसाठी धमाल विनोदी, पण चार वर्षांच्या पोराला दिसतो तो डोळे फिरवणारा बाहुला. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदाने त्याची समजूत पटत नाही.

म्हणून "खोटं असतं रे ते" एवढं सांगून लहानग्याची भीती जात नाही. त्याला जवळ घेणं, पाणी देणं, दिवा लावून शेजारी झोपणं जास्त उपयोगी पडतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र रंग, मुखवटा, कॅमेरा यांची युक्ती समजावता येते. हसण्यावारी नेणं, किंवा "झोप, नाहीतर तो येईल" म्हणून तीच भीती वापरणं, हे तर घरातच पुढचा भाग काढण्यासारखं झालं.

सेन्सॉरचा 'ए' शिक्का थिएटरच्या दारापर्यंत चालतो. 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आता झाले, तेही चांगलंच. पण कापून टाकलेल्या दोन मिनिटांच्या तुकड्यावर कसला शिक्का? त्यात फक्त सुरा असतो. आधीची गोष्ट नसते आणि सुटकाही नसते. घरातल्या मोबाइलवर आपोआप पुढे जाणं बंद करायला मिनिटभर पुरतं. गावी येणाऱ्या आईबापांनी किंवा शाळेतल्या गुरुजींनी एवढं आजीला करून द्यावं.