कॅमेरा साक्षीदार आहे, राखणदार नव्हे!

वैनगंगेच्या तीरावरील पवनी हे मंदिरांचे गाव. तेथील पंचमुखी गणेश आणि भंडारा शहरातील मेंढा येथील भृशुंड गणेश ही दोन्ही दैवते विदर्भाच्या अष्टविनायकांत गणली जातात. अशा देवस्थानांत सीसीटीव्ही कॅमेरे असावेत, हा आग्रह रास्तच आहे. २४ मार्च २०१२ रोजी दिवेआगरच्या सुवर्णगणेश मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांची हत्या झाली, गणेशाचा सुवर्णमुखवटा वितळविला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये समर्थ रामदासस्वामींच्या जन्मगावी, जांब समर्थ येथे, श्रीराममंदिरातील पंचधातूच्या मूर्तींची चोरी झाली. सुदैवाने त्या पोलिसांना पुढे मिळाल्या.

परंतु कॅमेरा लावला की विश्वस्तांचे कर्तव्य संपले, हा भ्रम घातक आहे. वीज गेली की यंत्र आंधळे होते; चित्रण साठविणारी पेटी मंदिरातच असेल, तर चोर तीही उचलून नेतो. म्हणून बॅटरीची सोय असावी, चित्रण अन्यत्रही साठवावे. गाभाऱ्याचे पावित्र्य राखून दार, दानपेटी व आवार दृष्टिपथात ठेवावे. प्रत्येक मूर्तीची छायाचित्रे व मापे जपावीत. चोरीनंतर ओळख पटविण्याचा तोच आधार असतो.

आणि ज्या मंदिरात दोन्ही वेळच्या आरतीला गाव जमते, तेथे अनोळखी पाऊल तत्काळ ध्यानात येते. तरुणांनी पाळीपाळीने रात्रीची गस्त घातली, तर कॅमेऱ्यालाही बळ येईल. देव समाजाचे रक्षण करतो, हे खरे. देवळाचे रक्षण मात्र समाजानेच करायचे असते!