पाहुण्यापुढची वाटी : साखरेवाचून मसाल्याचे काजू

दारी आलेल्या माणसाचे तोंड गोड करावे, हा आपल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. उन्हातून आलेल्याला गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या, चतुर्थीला आलेल्याच्या ताटलीत नेवऱ्या, पेडण्याच्या पुनवेहून किंवा शिरगावच्या लईराईच्या जत्रेहून परतताना शेजाऱ्यांसाठी खाज्यांचा पुडा, हे सारे आमच्या गोमंतकात आजही चालू आहे. या रिवाजातील माया खरी आहे. परंतु ती साखरेच्याच वाटेने पोचवावी काय, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशभरात ११.४ टक्के आढळले आणि गोव्यात २६.४ टक्के. पाहणीतील सर्व राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. आपल्या ओसरीवर चार वडीलधारी माणसे बसली असतील, तर त्यांतील एकाला साखर वर्ज्य असण्याचा संभव आहे, असा याचा सरळ अर्थ. मग नेहमीचा प्रसंग घडतो. पाहुणा हात मागे घेतो, यजमान "एवढ्याने काय होते?" म्हणून आग्रह करतो आणि भिडेस्तव अर्धी नेवरी पोटात जाते. दिवसाकाठी अशी चार घरे झाली की औषधाचा उपयोग तो काय राहिला? ज्याला नाही म्हणण्याची पाळीच येऊ नये असा एखादा पदार्थ प्रत्येक घरात तयार असावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

तो पदार्थ शोधायला आम्हांला दूर जावे लागत नाही. पेडणे आणि डिचोली महालांच्या डोंगरउतारांवर काजूची झाडे पसरलेली आहेत. हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात इकडे आणले. तेथील तुपी लोकांच्या भाषेतील 'अकाजू' पोर्तुगीजांच्या मुखातून 'काजू' होऊन आपल्या घरात आला आणि असा रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. २०२३ साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या जुन्या ओळखीचा बिब्बा हा काजूचा भाऊबंदच. दोहोंच्या टरफलात कातडीला फोड आणणारे तेल असते आणि दोहोंच्या पोटी गोड गर असतो; बिब्ब्याच्या गराला आपण गोडंबी म्हणतो. म्हणूनच काजूबिया घरी भाजून फोडण्याची हौस करू नये. पूर्वी बायाबापड्या राख चोळून हे काम करीत, तरी बोटे सोलून निघत आणि धुराने डोळे चुरचुरत. कारखान्यात फोडून सोललेले कच्चे काजूगर आणावेत. अखंड गरच हवेत असे नाही. पाकळी किंवा तुकडा स्वस्त पडतो आणि मसाला त्याला अधिक धरतो.

आता कोणी म्हणेल, मसाल्याचे काजू दुकानात मिळतात की! मिळतात, पण पाकिटावरील बारीक अक्षरे एकदा वाचून पाहावीत. काजूचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेलकट असल्याने कोरडा मसाला त्यावर ठरत नाही. तो चिकटावा, रंग खुलावा आणि तकाकी यावी म्हणून कित्येक कारखानदार साखरेचा पाक, ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन वापरतात. चवीला तिखट लागणाऱ्या पदार्थातही साखर शिरते ती अशी. घरी पुष्कळजण साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून समाधान मानतात. तेही व्यर्थ आहे. रक्तातील साखर वाढवण्याच्या कामी गूळ, मध आणि साखर ही एकाच कुळातली मंडळी होत.

मसाला चिकटवण्याचे काम आमच्याकडे कोकमाचे आगळ उत्तम करते. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून ठेवलेला रस. त्यात साखर नसते. कोकमाच्या गोड सरबताची बाटली मात्र चुकूनही घेऊ नये. आगळातील पाणी मंद आचेवर उडून जाते आणि आंबटपणा, मीठ व मसाला यांचा पातळ थर गरावर बसतो.

पाव किलो काजूगरांना पुढील साहित्य पुरते : दोन मोठे चमचे आगळ, तितकेच पाणी, एक लहान चमचा तांदळाचे पीठ, एक लहान चमचा मिरचीपूड, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा मिरपूड, चिमूटभर हिंग आणि एक लहान चमचा खोबरेल तेल. मिरची आमच्या पेडण्यातील हरमलची मिळाली तर सोन्याहून पिवळे. आवडत असल्यास दोन-तीन तिरफळांची सालपटे कुटून घालावीत. आतील काळे बी टाकून द्यावे. वेगळे मीठ घालू नये, आगळात ते भरपूर असते.

जाड बुडाच्या कढईत काजूगर मंद आचेवर सहा-सात मिनिटे नुसतेच परतावेत. किंचित रंग बदलला की उतरवावेत. तेल सोडून बाकीचे सर्व जिन्नस एकत्र कालवून त्यात गर घोळवावेत आणि दहा मिनिटे झाकून ठेवावेत. नंतर तेल लावून पुन्हा मंद आचेवर, सतत हलवत, ओल पूर्ण जाईपर्यंत परतावेत. यास सुमारे पंधरा मिनिटे लागतात. मिरची सुरुवातीपासून घातली तर करपते आणि कडवट होते, म्हणून हा दोन पायऱ्यांचा खटाटोप. गरम असताना काजू मऊ लागतात. त्यामुळे घाबरून आणखी भाजू नयेत. परातीत पसरून गार झाले की ते कुरकुरीत होतात.

बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील वाचकांना आगळ मिळाले नाही तर लिंबाचा रस आणि चवीपुरते मीठ घ्यावे. काजू परवडत नसेल तर शेंगदाणे घ्यावेत. त्यांत प्रथिने काजूहून अधिक आणि पिष्ट कमी असते. बुरशी आलेला किंवा काळवंडलेला दाणा मात्र निष्ठुरपणे फेकावा. त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते नष्ट होत नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात कुरकुरीत वस्तू टिकवणे हे मोठे काम. पुरुमेंताच्या जिनसांप्रमाणे काजूही घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, पूर्ण गार झाल्यावरच भरावेत. एका वेळी पंधरा दिवस पुरतील एवढेच करावेत. सादळले तर पुन्हा शेकता येतात. खवट झाले तर त्यांना उपाय नाही.

शेवटी प्रमाणाची गोष्ट. हे काजू 'साखर न घातलेले' आहेत, 'साखर नसलेले' नव्हेत. १०० ग्रॅम काजूत सुमारे ३० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, त्यांपैकी सुमारे ६ ग्रॅम साखर निसर्गतःच असते आणि उष्मांक साडेपाचशेच्या घरात जातात. व्यापारी ज्याला '२४०' म्हणतात, त्या प्रतीचे गर एका पौंडात सुमारे तितके बसतात; म्हणजे ३० ग्रॅमची वाटी पंधरा-सोळा गरांत भरते. एका माणसाला तेवढे पुरे. रक्तदाब असलेल्यांसाठी आगळाऐवजी मिठावाचून वाळवलेली सोले कोमट पाण्यात भिजवून त्यांचा कोळ वापरावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्याला विचारूनच खावेत. काजूची ॲलर्जी असणाऱ्यांनी दूर राहावे आणि लहान मुलांना अखंड गर देऊ नयेत, घशात अडकतात.

येत्या चतुर्थीला नेवऱ्या जरूर कराव्यात. सण आहे, घरात लेकरे आहेत. परंतु त्याच तबकात ही लहानशी वाटीही असू द्यावी आणि ती न विचारता, सर्वांपुढे सारखीच फिरवावी. "तुम्हांला साखर आहे ना, म्हणून हे वेगळे" असे चारचौघांत म्हटले की उत्तम पदार्थही पथ्याचा होतो. कोण काय उचलतो याकडे लक्ष न देणे, हेही आतिथ्याचेच अंग आहे.