झाडांची नाइट शिफ्ट

मुंबईतल्या वन बीएचकेत ऊन म्हणजे स्टेटस सिम्बॉल. आमच्याकडे नाही. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या विंगची भिंत. तरी पेस्टोला ताजी बेसिल हवी, मग घरात ग्रो टेंट आला. दोन बाय दोन फुटांचा, चेनवाल्या कपाटासारखा, आतून चकचकीत चंदेरी. (छे हो, 'ते' झाड नाही! गांजाची बिनपरवाना लागवड १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. शेजारच्या काकूंनाही हेच सांगितलं.)

दुकानदार तासभर दिव्यावरच बोलतो. माझं ऐकाल, तर आधी पंख्याचं बघा. १०० वॅटचा एलईडी जी वीज खातो, तिची शेवटी उष्णताच होते. मे महिन्यात आपण आधीच घामाघूम, त्यात बंद तंबू म्हणजे प्रेशर कुकरच! गरम हवा वर चढते, म्हणून एक्झॉस्ट वरच्या भोकात लावायचा आणि खालची जाळी उघडी ठेवायची. पाइप मात्र खिडकीबाहेर काढा, नाहीतर तीच हवा फिरून पुन्हा आत. पावसाळ्यात बुरशीला लांब ठेवतो तोही हा पंखाच. बेसिलला एवढं पुरतं. कोथिंबीर नाजूक, उकाड्यात लगेच फुलावर येते. तिला डिसेंबरपर्यंत थांबू दे.

दिवा टायमरवर, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. बीपीओसारखी नाइट शिफ्ट, कारण रात्री उकाडा जरा कमी. हिशेब सोपा आहे: रोज १.४ युनिट, महिन्याला ४२. पंख्याचे वेगळे. हे बिल कोणी भरायचं, यावर फ्लॅटमेटशी बोलणी चालू आहेत. पेस्टोवर मानेल असं दिसतंय.